गोणीची झूल
सन दोन हजार एकोणीस, माझं वय एकाहत्तर. शेती वाट्यानं देऊन मी नाशिक रोडला पोराच्या फ्लॅटात राहायला आलो होतो. पोळा आला, पण घरात बैल नव्हता, सुनेचा पांढरा कुत्रा तेवढा होता. म्हणलं, जनावर ते जनावर. कांद्याची रिकामी गोणी उसवली, तिला जुन्या ओढणीची कड लावली, बाटल्यांची झाकणं घुंगरासारखी ओवली. चार दिवस दाभण चालवून बोटं सोलली. आदल्या संध्याकाळी झूल कुत्र्यावर टाकली, बैलासारखी त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळली आणि रीतीप्रमाणं कानात म्हणालो, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या." तेवढ्यात सून आली नि किंचाळली, "मामा, कालच त्याला पार्लरातून धुवून आणलंय! आणि ह्या गोणीचा वास किती!" मी म्हणालो, "याच वासावर तुझा नवरा शिकला." पोरगा मोबाईलात मान घालून बसला. तिनं झूल ओढली आणि कचऱ्याच्या डब्यात कोंबली. आता कुत्रा नाही, झूल माझ्या पेटीत आहे, आणि तो विषय निघाला की सून अजून तोंड फिरवते, फिरवू दे. तर त्या वेळी दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या सकाळी, घंटागाडी यायच्या आत मी डब्यातून झूल काढली, झटकली, कुत्र्याला घालून अख्ख्या सोसायटीतून मिरवलं, आणि शेजारच्या बाया बघत असताना त्याला उंबऱ्यापाशी उभं करून सुनेला हाक मारली, "बैल आलाय दारात, ओवाळायचं ताट आण."