गोंदणाच्या सुया

कपाटातून डांबरगोळ्यांचा वास आला की मला रायपुरातल्या आमच्या विद्यापीठाचं संग्रहालय आठवतं. तिथल्या नव्या दालनासाठी आमच्या गुढियारी वस्तीतल्या शेजारच्या मावशीने आपल्या गोंदणाच्या सुया दिल्या होत्या. मी तेव्हा तिथे शिकत होते; सरांवर छाप पाडायला मी सांगितलं, मला दूरच्या गावात सापडल्या. पाटीवर मीच लिहिलं, ‘दाता अज्ञात’.

उद्घाटनाला मावशी नवं लुगडं नेसून आली. तिला वाचता येत नव्हतं.

“माह्यं नाव लिवलं न व पोरी?”

“हव, मावशी.”

“कुठी हाय?”

मी ‘अज्ञात’वर बोट ठेवलं. काचेवरूनच ती अक्षरं तिने हळूहळू गिरवली आणि बाजूला उभ्या बाईला सांगितलं, “हे माह्यं नाव हाय.”

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.