श्वास रोखणारी मुलगी

तिचं नाव मी विचारलंच नाही. देवासहून धारला जाणाऱ्या बसमध्ये ती शेजारी बसली होती. आईशी फोनवर मराठीत बोलली, म्हणून मी विचारलं, "काय करतेस बेटा?"

"किनाऱ्याजवळच्या समुद्रावरची हवा मोजते, काका. जहाजावरून बाटलीत भरायची, मग त्यात कुठले वायू कणभर मिसळलेत ते बघायचं."

बाटली उघडताना वाऱ्याकडे तोंड करून श्वास रोखावा लागतो, नाहीतर आपलाच श्वास मोजला जातो. गाल फुगवून तिनं ते करूनही दाखवलं.

"हिवाळ्यात तर आपल्या माळव्याची हवासुद्धा तिथे पोचते!"

आमच्या कारखान्यात वायू शुद्ध करायचं यंत्र बंद ठेवून तो तसाच बाहेर सोडतात. तो व्हॉल्व्ह मी फिरवतो. हे मी घरीही कधी बोललो नव्हतो.

"वायू कुणी सोडला, ते कळतं?"

"नाही ना काका. हवा नाव थोडीच सांगते! ते तर माणसानंच सांगावं लागेल."

"चलो भिया, इंदौर वाले उतरो!" कंडक्टर ओरडला. मला तिथेच उतरायचं होतं. मी उठलो नाही. केव्हापासून श्वास रोखून बसलो होतो कोण जाणे, तो सोडला आणि म्हटलं, "बेटा, तुला एक सांगायचंय."