पाद्रीसाहेबांची मराठी

साहेब रविवारी पाद्री असत आणि सोमवारपासून म्हैसूरच्या युनिव्हर्सिटीचे सर्वांत मोठे साहेब. दोन्हीकडे झगा लागे. चर्चमध्ये साधा काळा, पदवीदानाला जरीच्या काठाचा. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, हे झगे शिवत. म्हणून साहेबांचा बंगला मला आतून माहीत.

साहेब मेथडिस्ट पंथाचे. त्यांच्याकडे देवालासुद्धा वेळ नेमून दिलेली होती. प्रवचन घड्याळ बघून संपवायचे. पाहुण्याला दहा मिनिटं, शिंप्याला चार. सकाळी गुलाबांना पाणी घालताना मोठ्यानं कन्नड क्रियापदं घोकायचे. कन्नड त्यांना चांगलं येई, हे मान्य केलं पाहिजे. खेड्यातले लोक प्रवचन ऐकून म्हणत, “फार शुद्ध बोलतात.” म्हणजे त्यांना काही कळलेलं नसे.

साहेबांना एक हौस होती. समोरच्या माणसाशी त्याच्या घरच्या भाषेत बोलायचं. आमच्या घरी मराठी आहे हे कळलं, तेव्हापासून ते अप्पांशी मराठी बोलू लागले. त्यांची मराठी म्हणजे कन्नड शब्दाला मराठी शेपूट; ‘फार’ला ते ‘बहळ’च म्हणत. अप्पा बाजारात दिवसभर कन्नडच बोलत. साहेब कन्नडात बोलले असते तर काही बिघडलं नसतं. पण ते प्रेमानं मराठी बोलत आणि अप्पा आदरानं ऐकत.

मी मिशनच्या मुलींच्या शाळेत चौथी पास झाले. शाळेच्या बाई घरी येऊन सांगून गेल्या, “मुलीला पुढे पाठवा, मी तिची जागा धरून ठेवते.” त्याच आठवड्यात हुणसूरच्या एका शिंप्यानं आपल्या मुलासाठी मला मागणी घातली. आई म्हणाली, लग्न. अप्पा म्हणाले, साहेबांना विचारू, ते म्हणतील तसं. मी निर्धास्त झाले. मुलींच्या शिक्षणावर साहेब गावोगाव व्याख्यानं देत. मी मनातल्या मनात पाचवीच्या बाकावर जाऊन बसलेसुद्धा.

पदवीदानाचा नवा झगा अंगावर घालून बघायचा होता, तेव्हा अप्पांनी मला मदतीला नेलं. साहेब स्टुलावर उभे. मी खाली बसून घेराला टाचण्या लावत होते. चार टाचण्या दातांत धरलेल्या. अप्पांनी विचारलं, “साहेब, पोरगी चौथी झाली. आता हिचं काय करावं?”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “मुलगी बहळ हुशार आहे. हिला घरात ठेवू नका.”

“आमची मंडळीही तेच म्हणते.”

“हिला प्रपंचात पाठवा. हिनं प्रपंच बघितला पाहिजे. आत्ताच. वय गेलं की मग होत नाही.”

कन्नडात प्रपंच म्हणजे जग. मुलीला घराबाहेर काढा, जग बघू द्या, असं साहेबांना म्हणायचं होतं. मराठीत प्रपंच म्हणजे नवरा, चूल आणि पोरं. मला दोन्ही अर्थ माहीत होते, पण तोंडात टाचण्या होत्या. मी “अं, अं” करू लागले. अप्पांनी डोळे वटारले.

“लाजतेय,” ते साहेबांना म्हणाले.

टाचण्या काढेपर्यंत चार मिनिटं संपली आणि आम्ही व्हरांड्यात आलो.

रस्त्यात मी म्हटलं, “अप्पा, साहेब जग म्हणाले. कन्नडातला प्रपंच.”

“मराठीत बोलत होते ना?”

“त्यांची मराठी तसलीच आहे.”

“साकु, पुरे! युनिव्हर्सिटी चालवणाऱ्या माणसाला तू भाषा शिकव. आणि घरात ठेवू नका म्हणाले, वय जाईल म्हणाले, तेही कन्नडातलंच का गं?”

“परत जाऊन कन्नडात विचारा ना. एकदाच.”

“आणि काय सांगू? साहेब, तुमची मराठी कळत नाही? गिऱ्हाईक आहे ते, बये.”

लग्न झालं. शाळेतली जागा बाईंनी दुसऱ्या मुलीला दिली. साहेब लग्नाला आले नाहीत, कसल्याशा कमिटीची बैठक होती. मी लहान म्हणून अजून माहेरीच होते, तेव्हा एका रविवारी अप्पा दुरुस्त केलेला काळा झगा घेऊन चर्चला गेले आणि प्रवचन संपेपर्यंत बाहेर पायरीवर बसले. साहेब त्या दिवशी कन्नडात एका हुशार मुलीबद्दल बोलले. अडाणी बापानं तिला शाळेतून काढून चुलीपुढे बसवलं, म्हणाले. अप्पांना शब्द न् शब्द कळला. घरी येऊन ते आईला म्हणाले, “एकेक बाप असतात बघ.” दोन घास कमी जेवले. मी सार वाढत होते. मी आणखी थोडं वाढलं.

पुढे पोर कडेवर घेऊन माहेरी आले असताना बंगल्यावर झगा पोचवायला मीच गेले. साहेबांनी ओळखलं. “प्रपंच कसा आहे?” त्यांनी विचारलं. शुद्ध मराठीत. एवढ्या वर्षांत सुधारली होती.

मी सांगून टाकलं. तुम्ही जग म्हणालात, अप्पांनी लग्न ऐकलं, आणि ज्या अडाणी बापाचं प्रवचन केलंत त्यानं तुमचंच ऐकलं होतं.

मला वाटलं, माणूस मटकन खुर्चीत बसेल. साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातून छोटी वही काढली.

“फार गमतीचं आहे हे! यातला जुना अर्थ कोणता?”

“मला काय ठाऊक, साहेब? मी चौथी शिकलेय.”

त्यांनी दोन्ही अर्थ शेजारीशेजारी लिहिले आणि बरोबर आहे का बघ म्हणून वही माझ्यापुढे धरली. मराठीतल्या ‘प्रपंच’वरचा अनुस्वार राहिला होता. मी पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि त्यांच्याच पेन्सिलीनं तो दिला.