बॅग उचलणारा माणूस

मुलगी बँकॉकला नोकरीला लागली आणि तिच्याकडे जायला आम्ही दोघं सिल्वासाहून पहिल्यांदाच परदेशी निघालो. तिला त्या दिवशी सुट्टी नव्हती. म्हणून फोनवर तिने मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, की विमानतळाच्या आत कुणी टॅक्सी हवी का विचारलं तर थांबायचं नाही. खालच्या मजल्यावर रांग असते, तिथल्या यंत्रातून चिठ्ठी घ्यायची आणि मीटरनेच यायचं.

सामान घेऊन बाहेर पडतो तोच एक कोटवाला समोर आला. गळ्यात ओळखपत्र, हसरा चेहरा. हात जोडून नमस्ते म्हणाला. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागला, आज खालची रांग बंद आहे, मीच सोडतो तुम्हाला. मी काही बोलायच्या आत ह्यांनी बॅग त्याच्या हातात दिलीसुद्धा. तो गाड्या लावायच्या जागेकडे निघाला आणि हे त्याच्या मागे.

मी जवळजवळ पळतच गेले आणि बॅगेची मूठ धरली.

"अहो, मीटर आहे का विचारा आधी."

ह्यांनी विचारलं. तो नुसता हसला आणि घाई करू लागला. मी मूठ सोडली नाही. आम्हाला खालीच जायचंय, असं त्याला सरळ मराठीत सांगितलं. शब्द काय कळले असतील, पण त्याने बॅग सोडली आणि दुसऱ्या प्रवाशांकडे वळला.

खाली रांग चालूच होती. आम्ही टॅक्सीत बसलो. मग हे हळूच म्हणाले, "नंदुरबारहून पहिल्यांदा वापीला उतरलो ना, तेव्हा एकाने अशीच माझी पेटी उचलली होती. चल म्हणाला. सिल्वासाजवळच्या सायली गावात कारखान्याच्या गेटपर्यंत सोडलं, खोली मिळेपर्यंत स्वतःकडे ठेवून घेतलं. मला वाटलं, हाही तसाच असेल."

इतक्या वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं. तो माणूस आता कुठे आहे, असं मी विचारलं. गावी परत गेला, पुढे काही कळलं नाही, म्हणाले. मी त्यांचा हात हातात घेतला.

मुलगी कामावरून येऊन दारातच उभी होती. वाटेत काही त्रास झाला का, तिने विचारलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही गं," मी म्हटलं, "रांग जरा मोठी होती."