लाइट गेल्यावरची सफाई

आज शेजारी गेट रंगवतायत. थिनरचा वास घरात आला आणि माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

पूर्वी शहापुरात आमचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. सापगावच्या क्रिकेट सामन्यांचा बॅनर अर्धा छापून झाला आणि लाइट गेली. लाइट गेली की मशीनची सफाई करायची, ही आमची पद्धतच. बंद पडलेल्या मशीनचा स्विच पुन्हा कोण बंद करतंय? माझ्या नवऱ्याने झाकण उघडलं आणि थिनरचं फडकं घेऊन, शाई फवारणाऱ्या हेडखाली हात घालून सुकलेली शाई पुसायला घेतली.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरला. मशीन खडखडलं आणि हेडचा जड डबा सरकन त्यांच्या हाताकडे धावला. त्यांनी हात बाहेर ओढला, तो मनगटापर्यंत लालभडक.

"शाई हाय गो, रगत नाय," ते म्हणाले.

तरी मी एकेक बोट पुसून बघितलं. सगळी शाबूत दिसली तेव्हा दोघंही हसलो होतो. आता ते हसू काही येत नाही. दुकान केव्हाच बंद झालं, पण ते जेवायला बसले की माझी नजर अजून ताटाआधी त्यांच्या उजव्या हातावर जाते.