चमकी लावलेलं फूल

आमच्या शाळेत बी.एड.चे विद्यार्थी सराव पाठ घ्यायला येतात. आज सहावीच्या माझ्या वर्गावर एक मुलगी फुलाचे भाग शिकवत होती. तिने थर्माकोलचं भलंमोठं जास्वंदीचं फूल करून आणलं होतं, पाकळ्यांना चमकी लावलेलं. मी मागच्या बाकावर बसले होते आणि शेजारी तिच्या कॉलेजचे सर गुण देत होते.

तेवढ्यात खिडकीजवळच्या रेश्माने गजांतून हात घालून बाहेरच्या जास्वंदीचं फूल तोडलं. "बाई, हे बघा ना! याची पिवळी पूड बोटाला लागते!"

शिकवणारीचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिने सरांकडे पाहिलं. "ते बाजूला ठेव आणि खाली बस."

सरांनी शेरा लिहिला : वर्गनियंत्रण उत्तम.

माझं डोकंच फिरलं. तास संपल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं. ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, मलाही तेच दाखवायचं होतं. पण पाठाच्या टाचणात नव्हतं ना. गुण गेले असते."

म्हणजे तिला कळत होतं! कळणाऱ्या पोरीला आपण कॉलेजात घालतो आणि मूल काही घेऊन समोर आलं की दचकायला शिकवतो. वर त्याला प्रशिक्षण म्हणतो, प्रमाणपत्र देतो.

धुसफुसतच वर्गात परतले. खरं फूल खिडकीत कोमेजून पडलं होतं. रेश्मा मन लावून फुलाचं चित्र काढत होती, चमकीसकट.