गोदावरीवरचं वैर

शौकत जीनसाजाचं दुकान औरंगाबादेत सिटी चौकाच्या अंगाला होतं. घोड्याचा साज शिवण्यात त्याचा हात धरणारा शहरात कुणी नव्हता; आणि राग धरण्यातही नव्हता.

निजामाचं राज्य होतं, लढाईची वर्षं होती. दिवाळी सरून गोदावरीचं पाणी निवळलं, की दरसाल चार दोस्त कायगावला गळ टाकायला जायचे. शौकत, टांगेवाला जब्बार, गुलमंडीवरचा हलवाई रामकिसन आणि तहसिलीतला कारकून बद्रीनाथ. बद्रीनाथच्या घरी मासळी चालत नसे. तो पकडलेलं सगळं काठावरच वाटून टाकायचा. पोटासाठी कुणीच जात नव्हतं. ज्याचा मासा सर्वांत मोठा, त्याला पहिलं ताट वाढायचं आणि वर्षभर त्याची बढाई ऐकून घ्यायची, एवढाच त्यातला मान. तो मान बहुतेक वेळा जब्बारच पटकवायचा.

या दोस्तीपायीच शौकतनं धाकटी बहीण अख्तरी जब्बारला दिली. दोन वर्षांत जब्बारनं तलाक दिला. कारण विचारलं तर म्हणाला, "आमचं जमलं नाय." शौकत बहिणीला घरी घेऊन आला. त्यानंतर जब्बारच्या घोड्याचा तुटका पट्टासुद्धा त्यानं हातात धरला नाही.

आता गळाची वारी मोडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण शौकत म्हणाला, "त्यानं यायचं बंद करावं, मी का म्हणून?" जब्बारही नेमकं तेच म्हणाला. मग बाकीचे दोघं जब्बारच्या टांग्यातून आणि शौकत एकटा नगरला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं, असं सुरू झालं. नदीवर एवढी जागा, पण दोघं हट्टानं एकाच डोहावर बसायचे, आणि बोलायचे ते रामकिसनच्या तोंडून.

"रामकिसन, त्याला सांग, त्याची सावली पडतीय माझ्या पाण्यात."

"रामकिसन, त्याला सांग, पाणी सरकारचं हाय."

"मी काय डाकिया हाय का तुमचा?" रामकिसन वैतागून पलीकडं जाऊन बसायचा.

एका वर्षी दुपार कलल्यावर जब्बारची गळाची काठी कमानीसारखी वाकली. चरखीवरची दोरी सरसर सुटली. मासा कुठला ते दिसलं नाही. परातीएवढी शेपटी तेवढी एकदा पाण्यावर आपटली. मासा खेळवत, त्याच्यामागं काठाकाठानं सरकत जब्बार शौकतपर्यंत आला. दोरी शौकतच्या तोंडासमोर ताणलेली. त्या आनंदात जब्बार सगळं विसरला आणि पूर्वीसारखा सरळ त्याच्याशीच बोलला, "शौकत, सरक जरा. लई मोठा हाय."

त्या हसऱ्या आवाजानं शौकतच्या डोक्यात तिडीक गेली. कातडं कापायची रापी त्याच्याजवळ असायचीच. त्यानं ती दोरीला लावली.

काठी फाटकन सरळ झाली आणि जब्बार मागच्या मागं पडला. उठला तो थेट शौकतच्या गळ्याशी. दोघं कमरभर पाण्यात गेले. जब्बारच्या तळहातावर रापी फिरली, शौकतचा पुढचा दात पडला. रामकिसन आणि बद्रीनाथनं त्यांना ओढून बाहेर काढलं.

रामकिसन धापा टाकत म्हणाला, "फुडल्या साली मला बोलवू नका. तुमचं भांडण बघायला एवढ्या लांब कोण येतं?"

लासूर स्टेशनचे पाहुणे अख्तरीला मागणी घालणार होते, ते महिनाभरात निरोपसुद्धा न देता गप्प बसले. भाऊ हत्यार काढतो, असं त्यांच्या कानावर गेलं होतं.

शौकत जेवायला बसला तेव्हा अख्तरीनं ते सांगितलं.

"तुझ्यासाठीच केलं मी," शौकत म्हणाला.

"माझ्यासाठी नाय केलं, भाई." ती भाकरी थापत राहिली. "त्या घरातून सुटले तेव्हा मला बरं वाटलं व्हतं. तुमी विचारलं नाय. मला सोडलं त्याचा राग नाय तुमाला. त्याच्या गळाला मोठा मासा लागतो, त्याचा हाय."

"गप बस."

ती गप्प बसली नाही, आणि घरातही राहिली नाही. कपडे बांधून मावशी अनवरीकडं गेली. मावशीनंच पुढं लासूरची बोलणी पुन्हा सांधली. निकाहाला शौकतला बोलावणं आलं, ते चारचौघांना येतं तसं. तो मागच्या ओळीत जेवला आणि उठून आला.

पुढची दिवाळी झाली. रामकिसन आणि बद्रीनाथ आले नाहीत. शौकत एकटाच कायगावला उतरला, तर झाडाखाली जब्बारचा टांगा सोडलेला. शौकतला पाहताच जब्बारनं सामान उचललं, नावेत बसला आणि नदीपलीकडं, जिथून इंग्रजांचा मुलूख लागायचा त्या काठावर, बरोबर शौकतच्या समोर जाऊन बसला.

त्या दिवशी शौकतच्या गळाला उभ्या जन्मात लागली नव्हती एवढी मरळ लागली. हाताएवढी लांब. त्यानं ती दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली आणि पलीकडच्या काठाकडं तोंड करून उभा राहिला. खांदे भरून आले तरी त्यानं ती खाली घेतली नाही.

जब्बारनं एकदा मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा आपल्या गळाला आमिषाचं पीठ लावू लागला.